लाइनबॅकरचा सत्कार

आमच्या शेठना अमेरिकन फुटबॉलमधलं काहीही कळत नव्हतं. मलाही नव्हतं. फरक एवढाच, की ते अकादमीचे मालक होते आणि मी त्यांचा ऑपरेशन्स हेड. त्यामुळे काही न कळता बोलायचं कोणी आणि मान डोलवायची कोणी, हे आधीच ठरलेलं होतं.

शेठ मूळचे सांगलीकडचे. दुबईत त्यांचा धंदा फॉल्स सीलिंग आणि पार्टिशनचा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात त्यांचं एक गोदाम रिकामं पडलं होतं आणि त्याला भाडेकरू मिळत नव्हता. एका लग्नात जेवताना त्यांना कोणीतरी सांगितलं, की इथल्या इंटरनॅशनल शाळांतल्या पोरांना आता अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलंय. पंधरा दिवसांत गोदामात हिरवं प्लास्टिकचं गवत आलं, भिंतीवर एक गरुड रंगवला गेला (त्याचा चेहरा कोंबडीसारखा होता, पण बोलायचं कोणी) आणि मला पार्टिशनच्या ऑफिसातून उचलून तिथे बसवण्यात आलं.

"गेम काय रे, दो दिन में शिकशील," शेठ म्हणाले. "गवत टाकलं, एसी टाकला. आता फक्त एक ओरिजिनल अमेरिकन पाहिजे. पेरेंट्सना ओरिजिनल लागतं."

ओरिजिनल अमेरिकन दोन महिन्यांनी आला. चाळिशी ओलांडलेला, दारातून जरा तिरका होऊनच आत शिरणारा, मानेची जागा खांद्यांनी खाऊन टाकलेली. एकेकाळी तिकडच्या मोठ्या व्यावसायिक संघांतून खेळलेला. त्याची जागा लाइनबॅकरची. शेठनी त्याला चहा दिला, खारी दिली आणि पहिला प्रश्न विचारला, "हाऊ मेनी गोल?"

"एकही नाही," तो म्हणाला.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी काय पाहणार! मीच तर त्याचा अर्ज पास केला होता.

"मग इतकी वर्षं केलं काय?"

"समोरच्यांना करू दिलं नाही," तो शांतपणे म्हणाला आणि चौथी खारी उचलली.

पुढचा अर्धा तास त्याने आम्हाला कपबशा आणि खारीचे तुकडे मांडून खेळ समजावला. ह्या खेळाला फुटबॉल म्हणतात, पण पाय चेंडूला फारसा लागत नाही. चेंडूही गोल नाही. आपल्या बाजूची पहिली फळी पुढे वाकून उभी असते, शेवटची फळी लांब मागे असते, आणि या दोघांच्या मधे लाइनबॅकर. समोरून चेंडू घेऊन कोण, कुठून येणार हे त्याने आधी ओळखायचं, आपल्या दहा जणांना हाका मारून जागेवर लावायचं, आणि मग येणाऱ्याला पळत जाऊन आडवं करायचं. शेठनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "म्हणजे कबड्डीच की. चिलखत घालून." मग खाजगीत मला म्हणाले, "ब्रोशरमध्ये डिफेन्स नको लिहू. चॅम्पियन लिही."

मी चॅम्पियन लिहिलं.

ओरिजिनल अमेरिकनला ठेवलं मात्र शारजात, माझ्याच बिल्डिंगमध्ये, सहाव्या मजल्यावर. दुबईपेक्षा भाडं कमी. शारजात दारू मिळत नाही, हे त्याला इकडे आल्यावर कळलं. शेठनी ते आरोग्याच्या दृष्टीने चांगलं ठरवलं. तो गाडी चालवत नव्हता, म्हणून रोज सकाळी सवासहाला त्याला घेऊन निघायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या छोट्या जपानी गाडीत तो गुडघे छातीशी घेऊन बसे आणि आम्ही दीड तास ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकत असू. त्या दीड तासात त्याने मला आपलं आयुष्य सांगितलं. ते एकदा सांगून तो थांबला असता, तर मी त्याचा आभारी राहिलो असतो.

गाव छोटं. बाप कोंबड्या सोलण्याच्या कारखान्यात. शाळेत असताना दर शुक्रवारी अख्खं गाव मैदानावर यायचं आणि ज्याने जास्त जोरात धडक दिली त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी कोणीतरी केक पाठवायचं. मग कॉलेज, मग व्यावसायिक संघ. निवड झाली तीही अगदी शेवटी शेवटी. सहा मोसम, तीन संघ, आणि त्यातला बराच काळ बाकावर. एकदाच, फक्त एकदाच, समोरच्याने फेकलेला चेंडू त्याच्या हातात आला आणि तो घेऊन तो शेवटच्या रेषेपर्यंत पळाला. त्याच्या कारकिर्दीतले तेवढेच गुण. ही गोष्ट मी निदान चाळीस वेळा ऐकली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा धो धो पाऊस होता. दुसऱ्यांदा बर्फ पडत होता. तिसऱ्यांदा कडक ऊन होतं आणि स्टँडमध्ये त्याची आई होती. चौथ्यांदा आई आधीच वारलेली होती.

मी घरी येऊन नक्कल करून दाखवायचो. जेवताना बायको हसून हसून लाल व्हायची. "आज काय होतं, ऊन की पाऊस?" ती दार उघडतानाच विचारायची. आम्हा मराठी माणसांना दुसऱ्याच्या थापा पकडण्यात जो आनंद मिळतो तो जिलबीतही नाही.

आमची मुलगी त्याच्याकडेच शिकत होती. एकदा ती ताटावरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, ही इज नॉट लाइंग. ही फर्गेट्स. ही फर्गेट्स एव्हरीथिंग. एव्हरीबडी नोज."

मला सोडून सगळ्यांना माहीत होतं म्हणजे.

मग मला दिसायला लागलं. त्याच्या डाव्या मनगटावर एक रुंद काळा रिस्टबँड असायचा, वर प्लास्टिकची खिडकी आणि आत कागद. खेळाडू मैदानात असे रिस्टबँड लावतात, डावपेचांचे आकडे लिहून ठेवायला. मला वाटे अजून रुबाब करतोय. एकदा लिफ्टमध्ये मी वाकून वाचलं. कागदावर बारीक अक्षरात होतं: मजला सहा. गाडी सवासहाला. माझं नाव, आणि पुढे 'चष्मा, ड्रायव्हर नव्हे, मित्र'. खाली मुलांची नावं, प्रत्येकापुढे बुटांचा रंग.

त्या दिवसापासून मी नक्कल बंद केली. अगदी बंद केली असं नाही, कमी केली.

त्याला स्वतःला सगळं कळत होतं. एकदा ट्रॅफिकमध्ये कपाळावर टिचकी मारून म्हणाला, "इथून किती धडका दिल्या, कोणी मोजल्या नाहीत. तेव्हा मोजत नसत." म्हणूनच तो आमच्या पोरांना आडवं पाडायला शिकवत नसे. पोरांच्या कमरेला दोन फिती बांधायच्या, फीत ओढली की पकडलं, संपलं. "डोकं वर! डोकं बाजूला!" एवढंच दिवसभर ओरडायचा. शेठना वाटे, फिती म्हणजे पोरीबाळींचा खेळ, हेल्मेटं आणू, ओरिजिनल करू. एरवी शेठच्या प्रत्येक वाक्याला "येस सर" म्हणणारा हा माणूस तेवढ्याला "नो" म्हणाला. पोरांची नावं त्याला आठवत नसत, पण कोणी कुठे उभं राहायचं हे तो डोळे मिटून सांगे आणि ते बरोबर निघे. मी जन्मभर ऑफिसं पाहिली. आपल्या कामात इतका पक्का माणूस त्यांत मला क्वचितच दिसला.

त्याचं कॉन्ट्रॅक्ट एक वर्षाचं होतं. ते वाढेल का, हे तो मला दर दोन दिवसांनी विचारायचा. विचारलं होतं हे विसरायचा, पण काळजी विसरायचा नाही. तिकडे बहिणीच्या घरामागची खोली होती आणि दिवसभर टीव्ही होता. इथे पोरं "कोच" म्हणून हाक मारायची. "यानंतर मला कोणी घेणार नाही," तो म्हणे. "हीच शेवटची टीम."

आणि एक गोष्ट होती, जी त्याने प्रत्येक वेळी शब्दाला शब्द तशीच सांगितली. मोसम सुरू व्हायच्या आधी संघ जास्तीची माणसं काढून टाकतात. ते सांगायला एक माणूस येतो. सकाळी येतो, हळू बोलतो, इस्त्रीचा शर्ट घालतो. खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "कोचनी बोलावलंय. पुस्तक घेऊन ये." पुस्तक म्हणजे डावपेचांची वही, ती परत करायची असते. अडीचशे पौंडांचे गडी त्या माणसाला बघून संडासात लपायचे. "चांगला माणूस होता," तो म्हणायचा. "तीन संघ, तीन वेगळी माणसं, पण तिन्ही चांगली."

मार्चमध्ये शेठना वार्षिक समारंभाची हुक्की आली. "कोचचा जंगी सत्कार करू. पेरेंट्स खूश, कोच खूश. प्रोग्रॅम झकास झाला तर स्टेजवरच अनाउन्स करून टाकू, टू इयर्स एक्स्टेन्शन. इन्शाल्ला." मी ही बातमी त्याला गाडीत सांगितली. त्याने तिथल्या तिथे पेन काढून रिस्टबँडच्या कागदावर लिहिली आणि दुबई येईपर्यंत तीन वेळा वाचली.

सत्कार म्हटल्यावर आमच्या अंगात येतं. शाल हवी, श्रीफळ हवं, फेटा हवा, आणि परिचय तर हवाच. आमच्याकडे पाहुणा केवढाही असो, त्याचा परिचय त्याच्यापेक्षा लांब असतो. कॉलेजात मी सूत्रसंचालन करायचो, त्या गोष्टीला तीस वर्षं झाली आणि त्यानंतर मला माइक कोणी दिला नव्हता. मी तीन पानं लिहिली. 'पोलादी छाती', 'अभेद्य तटबंदी', काही बाकी ठेवलं नाही. त्याच्या त्या एकुलत्या एक धावेत पाऊस घ्यावा की बर्फ यावर दोन संध्याकाळी घालवल्या आणि बर्फ घेतला. आखातातल्या श्रोत्यांना बर्फ जास्त लागेल असा हिशेब.

"मला बोलावं लागेल?" त्याने विचारलं.

"फक्त दोन शब्द," मी म्हणालो. सत्कारमूर्तीने दोन शब्द बोललेच पाहिजेत, नाहीतर सत्कार लागू पडत नाही असं आपण मानतो. आठवडाभर तो गाडीत ते दोन शब्द घोकत होता. समारंभाच्या आदल्या दिवशी त्याने नवा कागद घेतला, सात ओळी लिहिल्या आणि रिस्टबँडमध्ये सरकवल्या. मला वाचू दिल्या नाहीत. "उद्या ऐक," म्हणाला.

शनिवारी सकाळी गोदाम भरलं. फेटा बांधायला बर दुबई भागातून एक माहीतगार बोलावला होता. त्याने त्या डोक्याला एक प्रदक्षिणा घातली आणि दोन फेटे एकमेकांना जोडले. फेटा आवळताना कोचचे डोळे मिटले. दुखत असावं. हाही काहीतरी नियम असेल असं समजून तो गप्प बसला, आणि फेटा छान बसलाय म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात शेठच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी, मोगऱ्याचा गजरा घेऊन आल्या. "अगंबाई, हा कसला मळका पट्टा हातात? फोटोत दिसेल ना! काढा आधी तो."

मी काढला. मी, ज्याने त्या पट्ट्यावर स्वतःचं नाव वाचलं होतं. त्याने माझ्याकडे पाहून विश्वासाने हात पुढे केला, मी वेल्क्रो सोडला, रिस्टबँड माझ्या झब्ब्याच्या खिशात टाकला आणि तिथे मोगरा बांधला. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त माझी तीन पानं होती. सगळं विसरणारा माणूस तो, पण त्या दिवशी विसरलो मी.

परिचय झाला. बर्फाला टाळी पडली. माझा आवाज मलाच आवडत होता. "आणि आता सत्कारमूर्तींना मी विनंती करतो..."

तो उठला, माइकशी आला, आणि त्याने मनगट वर करून पाहिलं. मनगटावर मोगरा होता. त्याने हात उलटा करून पाहिला. दुसरा हात पाहिला.

"गुड मॉर्निंग," तो म्हणाला. लोक हसले. "गुड मॉर्निंग," तो पुन्हा म्हणाला. फेट्याखालून घामाची धार कानापाशी आली. आणि अचानक त्याचा आवाज बदलला, मैदानावरचा झाला. पहिल्या रांगेतल्या पोरांकडे बोट करून तो ओरडला, "तू दोन पावलं डावीकडे! तू मागे! मधला कोण धरतोय? मधला कोण धरतोय?"

पोरं शिकलेली होती. ती खुर्च्या सोडून उठली आणि आपापल्या जागी जाऊन उभी राहिली. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या, मोबाइल वर झाले. शेठ मला अंगठा दाखवत होते. पण तो थांबेना. "मधला कोण धरतोय?" आता तो आईबापांकडे बघून विचारत होता, आणि टाळ्या हळूहळू विरल्या. एका मुलाचे वडील डॉक्टर होते. ते स्टेजवर आले, त्याच्या कोपराला धरलं आणि त्याला खुर्चीत बसवलं. मी माइकपाशी हातात परिचय धरून हसऱ्या चेहऱ्याने उभाच होतो. खिशात हात गेला तेव्हा मला वेल्क्रो बोचला.

सोमवारी शेठनी बोलावलं. "डॉक्टर बोलले, डोक्याचा मामला आहे, जुना मार आहे. उद्या एखादं पोर याच्या हाताखाली पडलं, तर? पेरेंट्स विचारतायत. मी काय वाईट माणूस आहे का? तिकीट देतो, बिझनेस क्लास देतो. पण खलास." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तूच सांग. तुझ्याच बिल्डिंगमध्ये राहतो. आणि शिट्टी, कार्ड, टॅबलेट घेऊन ये."

शेठ चूक बोलत नव्हते, याचाच मला जास्त राग आला. समारंभात तो रिस्टबँड माझ्या खिशात होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काही बदललं असतं की नाही, ते मला माहीत नाही. सांगितलं नाही, एवढं माहीत आहे.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो त्या दिवशी घरीच होता. मी दुपारी सहाव्या मजल्यावर गेलो. सकाळी ऑफिसला जाताना इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता. हे माझ्या लक्षात दारावरची बेल वाजवल्यावर आलं.

त्याने दार उघडलं. माझा चेहरा पाहिला, शर्ट पाहिला. समोरून काय येतंय हे ओळखणं हा त्याचा धंदाच होता.

"कोचनी बोलावलंय?" त्याने विचारलं.

मी मान डोलवली.

"पुस्तक आणतो," तो म्हणाला. आत गेला, टॅबलेट आणला, कार्ड आणलं, गळ्यातली शिट्टी काढून वर ठेवली. मग माझ्याच खांद्यावर हात ठेवला. "तू चांगला माणूस आहेस," म्हणाला. मला तोंड लपवायला जागा सापडेना. मी खिशातून रिस्टबँड काढून त्याच्या हातात दिला आणि जिन्याने खाली आलो. लिफ्टसाठी थांबायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढायला खाली उतरलो, तर तो तिथे उभा. टोपी, बूट, अकादमीचा शर्ट. एक हात छातीपाशी शिट्टी चाचपडत होता.

"उशीर केलास," तो म्हणाला. "यल्ला, चल. पोरं वाट बघत असतील."

मी त्याला पुन्हा सांगितलं. त्याच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं. काल दारात तो तयार होता, आज नव्हता. तो गाडीच्या बॉनेटवर टेकला आणि गाडी तेवढ्या बाजूला खाली गेली. वॉचमन झाडू मारायचा थांबला. मग त्याने रिस्टबँडमधला कागद ओढून काढला. शनिवारच्या सात ओळी त्यावर तशाच होत्या. मुलांचे आभार, शेठचे आभार, आणि सर्वात शेवटी, 'रोज मला घेऊन येणाऱ्या आणि माझी तीच गोष्ट रोज ऐकणाऱ्या मित्राचे आभार'.

त्याने कागद उलटा केला आणि पेन माझ्यापुढे धरलं. "तूच लिही. तू छान लिहितोस. परवा माझ्याबद्दल किती छान लिहिलं होतंस." त्यात टोमणा नव्हता. त्याला टोमणा मारता येत नव्हता, ते आमचं काम.

मी बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं: काम संपलं. घरी जायचं आहे. गुरुवारी विमान.

त्याने वाचलं, मान हलवली आणि कागद परत माझ्याकडे दिला.

"कोणी सांगितलं तेही लिही," तो म्हणाला. "नाहीतर उद्या वाचून माझा विश्वास बसणार नाही."

मी खाली माझं नाव लिहिलं.